दाणा, तंबू आणि आरसा : पहिल्या ख्रिस्ती लोकांना देहाचं पुनरुत्थान रूपक वाटत होतं का?

शिवारवाट

गेल्या वर्षी वसईजवळच्या एका गावात मित्राच्या आईच्या अंत्यविधीला गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. कबरीत मूठमूठ माती टाकायला रांग लागली, त्याआधी फादरांनी प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला १५वा अध्याय मराठीतून वाचला. 'प्राणमय शरीर' पेरलं जातं आणि 'आध्यात्मिक शरीर' उठवलं जातं, असं त्यात आहे. मी वारकरी घरातला. 'प्राणमय' ऐकलं आणि तैत्तिरीय उपनिषदातला प्राणमय कोश आठवला; 'पेरलं' ऐकलं आणि हातातल्या ओल्या मातीकडे लक्ष गेलं. परतताना गाडीत मित्राला विचारलं, "हे तुम्ही रूपक म्हणून घेता की खरंच?" तो म्हणाला, "आईबद्दल वाचलं ते. रूपक कसं असेल?"

मी गप्प बसलो, पण प्रश्न काही गेला नाही. तेव्हापासून पहिल्या चार शतकांतले ख्रिस्ती लेखक जमतील तसे वाचतोय. या विषयावर बोलणं निघालं की दोनच मतं ऐकू येतात. एक, साध्या भोळ्या लोकांनी हाडामांसाचं पुनरुत्थान मानलं आणि शहाण्यांनी त्याचा लाक्षणिक अर्थ लावला. दुसरं, मुळात सगळं आध्यात्मिक होतं, चर्चने पुढे त्याला मांस चिकटवलं. मला या दोन्हींपैकी एकही खरं वाटत नाही. त्या काळी रूपकं सगळेच वापरत होते. वाद होता तो कोणतं रूपक धरायचं आणि ते कुठवर ओढायचं याचा.

आधी शब्द पाहा. पुनरुत्थानाला ग्रीकमध्ये 'अनास्तासिस' म्हणतात, म्हणजे उठून उभं राहणं. क्रियापद बहुतेकदा 'एगेइरो' येतं, झोपलेल्याला उठवणं. आई सकाळी मुलाला उठवते तेच. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, याईराच्या मुलीपाशी येशू म्हणतो की ती मेली नाही, झोपली आहे, आणि तिला हाक मारतो, "तलिथा, कूम", मुली, ऊठ. म्हणजे ज्या शब्दावरून सगळा वाद झाला तो शब्दच झोपेच्या रूपकातून आलेला. ख्रिस्ती लोकांनी आपल्या दफनभूमीला 'कोइमेतेरिओन' म्हटलं, निजण्याची जागा. चौथ्या शतकात अंत्युखियात ख्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं होतं की इथले लोक मेलेले नसून निजलेले आहेत हे कळावं म्हणूनच हे नाव. पोर्तुगीजांचा 'सेमितेरिओ' हा त्याच शब्दाचा वंशज, आणि तो गोव्यात पोचला.

ग्रीकांना मात्र 'अनास्तासिस' हा शब्द माहीत होता तो नकारासकट. इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या नाटकात अथेन्सच्या अरियोपाग टेकडीवर अपोलो सांगतो की माणसाचं रक्त एकदा मातीने प्यालं की त्याला अनास्तासिस नाही. पौल याच अरियोपागावर बोलला, आणि बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलंय की मृतांच्या अनास्तासिसचं नाव निघताच काही जण हसू लागले. ते का हसले हे त्या नाटकावरून समजतं.

आता करिंथ. पौल इ.स. ५५च्या सुमारास इफिसहून लिहितोय, कारण करिंथमधले काही विश्वासणारेच म्हणू लागले होते की मृतांचं पुनरुत्थान नाही. "मेलेले कसे उठतात? कोणत्या शरीराने येतात?" या प्रश्नावर तो एकदम चिडतो. अरे मूढा, तू पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही! आणि तू पेरतोस ते पुढे होणारं शरीर नव्हे, नुसता उघडा दाणा. मग चार जोड्या येतात: नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठतं, अपमानात पेरलं जातं, गौरवात उठतं, दुबळेपणात पेरलं जातं, सामर्थ्यात उठतं, प्राणमय पेरलं जातं, आध्यात्मिक उठतं. शेवटच्या जोडीतही 'शरीर' सुटलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला आत्मा उडून गेला असं म्हणायचं असतं तर दाण्याची गरजच नव्हती. पक्षी चालला असता, पिंजरा चालला असता.

आणि उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. इ.स. २१०च्या सुमारास त्याने देहाच्या पुनरुत्थानावर आख्खा ग्रंथ लिहिला. शास्त्रातलं सगळंच लाक्षणिक आहे म्हणणाऱ्यांना तो विचारतो: सगळ्याच प्रतिमा असतील, तर त्या कशाच्या प्रतिमा? कुठे चेहराच नसेल तर आरसा धरणार कशासमोर?

हे वाक्य वाचल्यापासून मला मित्राचं उत्तर वेगळं ऐकू येतं. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तिथे थेट सांगावं.

---

पैलतीर

वाचनखूण साठवली. रविवारी निवांत वाचून लिहिते.

---

वैनगंगा

चांगला धागा. पण पौलाच्या त्याच अध्यायातलं ५०वं वचन तुम्ही सोडून दिलंत. 'मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही.' याहून स्पष्ट काय हवं? माझ्या मते पौलाला मांस नकोच होतं, आणि टर्टुलियन वगैरे मंडळींनी त्याला मागे ओढलं.

नाग हम्मादीचे ग्रंथही यात घ्यायला हवेत. १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये सापडलेल्या त्या कॉप्टिक पोथ्यांत रेगिनोस नावाच्या शिष्याला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात गुरू सांगतो की पुनरुत्थान हा भास समजू नकोस, भास म्हणायचाच तर या जगाला म्हण. तू आत्ताच उठलेला आहेस. सूर्य आपले किरण ओढून घेतो तसे आपण वर ओढले जातो. त्याच पोथ्यांतल्या फिलिपच्या शुभवर्तमानात तर प्रभू आधी मेला आणि मग उठला म्हणणारे चुकतात, तो आधी उठला आणि मग मेला, असं थेट लिहिलंय. ही माणसं स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होती. त्यांना बाजूला सारून 'पहिले ख्रिस्ती' म्हणता येणार नाही.

---

शिवारवाट

वैनगंगा, ५०वं वचन टाळलं हे खरं, आणि ते टाळायला नको होतं. तुमच्या बाजूने साक्षही मोठी आहे. इ.स. १८०च्या सुमारास इरेनियस हा बिशप लिहितो की सगळे पाखंडी हेच वचन पुढे करतात. म्हणजे दुसऱ्या शतकातही लोक ते तुमच्यासारखंच वाचत होते.

पण पौल तिथे थांबत नाही. पुढच्याच ओळींत तो म्हणतो की या नाशवंताने अविनाशीपण परिधान करावं लागणार, या मर्त्याने अमरत्व परिधान करावं लागणार. 'या' वर त्याचा जोर आहे. टाकून द्यायचं असतं तर कपडा कुणाला घालायचा? 'आध्यात्मिक शरीर' मध्ये त्याचा शब्द 'प्न्यूमातिकोन' आहे. ग्रीकमध्ये अशी विशेषणं वस्तू कशाची बनली हे सांगण्यापेक्षा ती कशाच्या ताब्यात आहे, कशाला शोभणारी आहे हे सांगायला जास्त येतात. आणि त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञ तर 'प्न्यूमा' हे एक सूक्ष्म द्रव्यच समजत. 'आध्यात्मिक म्हणजे अशरीरी' हे समीकरण आपल्या डोक्यातलं आहे, करिंथच्या बाजारात ते कुणाला पटकन सुचलं नसतं.

रेगिनोसच्या पत्राबद्दल पूर्ण सहमत, ते सुंदर आहे आणि त्याला बाजूला सारू नये. पण त्यातच एक प्रश्न आहे: या जगात येताना तुला मांस मिळालं, मग त्या लोकात चढताना का मिळू नये? या ओळीवर अभ्यासकांचं एकमत नाही, तरी तो प्रश्न तिथे आहे. फिलिपच्या शुभवर्तमानातही आपण नागवे उठू अशी भीती बाळगणाऱ्यांची गोष्ट आहे आणि थोडं पुढे गेलं की 'या देहातच उठणं आवश्यक आहे' असंही म्हटलंय. ज्यांना आपण निखळ रूपकवाले समजतो, त्यांनाही देह इतका सहज टाकता आला नाही.

---

रानजाई

मला ग्रीक येत नाही, पेरणी येते, म्हणून लिहिते.

दरवर्षी पेरणीआधी आम्ही उगवण तपासतो. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने उघडून किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. जो दाणा उगवत नाही त्याला आम्ही 'मेला' म्हणतो. उगवला तो जगला. म्हणून 'मेल्याशिवाय जिवंत होत नाही' हे वाचून मी अडखळले. शेतकरी असं म्हणणार नाही. मेलं बी उगवत नसतंच.

मग एक गव्हाचं रोप उपटून पाहिलं, साधारण दहा दिवसांचं. मुळापाशी जुना दाणा होता. सालपट तसंच, आतला पिठूळ भाग संपलेला, बोटाने दाबला तर रिकामा. रोपाने तो खाऊन टाकलेला. तेव्हा वाटलं की पौलाला हेच दिसलं असेल. दाणा तिथेच आहे आणि नाहीही. पण एक सांगा, रोप आणि दाणा एकच, असं त्याला म्हणायचंय की वेगळे? माझ्या हातात तर दोन्ही एकदम होते.

---

शिवारवाट

रानजाई ताई, तुमच्या प्रश्नावर तीनशे वर्षं वाद चालला.

पौल दोन्ही म्हणतो. पुढे होणारं शरीर तू पेरत नाहीस, असं म्हणतो, आणि लगेच देव प्रत्येक बीजाला 'त्याचं त्याचं' शरीर देतो, असंही. गव्हातून गहूच येतो. ओळख टिकते, रूप बदलतं. 'मेला' हा शब्द त्याला हवा होता, कारण मधला खंड त्याला लपवायचा नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानातही गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असं येशूच्या तोंडी आहे. तुम्ही म्हणता तसं, शेतकऱ्याच्या बोलीत हे उलटं आहे, आणि ऐकणारा दचकतो ते त्यामुळेच.

हा दाणा एकट्या ख्रिस्ती लोकांचा नव्हता. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या सनहेद्रिन भागात राणी क्लिओपात्रा रब्बी (धर्मगुरू) मेईरला विचारते, मेलेले उठतील ते नागवे की कपड्यांसह? तो म्हणतो, गव्हाचा दाणा नागवा पुरला जातो आणि कितीतरी वस्त्रं नेसून वर येतो. मग कपड्यांत पुरलेल्या सज्जनांचं काय सांगावं! पौलाचा 'उघडा दाणा' वाचताना हे शेजारी ठेवून पाहा. दोघांचं शिवार एकच आहे.

---

खडूफळा

वस्त्राचा विषय निघालाच आहे तर गीतेकडे जावंच लागेल. 'वासांसि जीर्णानि यथा विहाय', जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो, तसा देही जीर्ण शरीरं टाकून नवी घेतो. मी शाळेत हा श्लोक अनेक वर्षं शिकवला. आता करिंथकरांना दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बसलो आणि थक्क झालो. तिथेही देह म्हणजे तंबू आणि वस्त्र. पण पौल म्हणतो, आम्हाला हे उतरवायचं नाही, यावर आणखी पांघरायचं आहे, म्हणजे जे मर्त्य आहे ते जीवनाने गिळून टाकावं. रूपक एकच, वस्त्राचं. एकीकडे ते उतरवण्यात सुटका आहे, दुसरीकडे उघडं पडण्याची धास्ती.

पौलाचा धंदा तंबू बनवण्याचा होता असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तंबू मोडणं म्हणजे काय हे त्याच्या बोटांना माहीत असणार.

गीतेत नेसणारा वेगळा आणि वस्त्र वेगळं, हे आधीच ठरलेलं आहे. पौलाकडे ते ठरलेलं नाही. त्यामुळे 'हे तर आपल्याकडचंच आहे' असं म्हणून दोन्ही एका पेटीत टाकू नये, असं मला कळकळीने वाटतं.

---

वैनगंगा

खडूफळा सर, हा प्रतिसाद फार आवडला. 'वर पांघरणं' मला कधी दिसलं नव्हतं. ५०व्या वचनाबाबतचा माझा आग्रह थोडा सैल करते, सोडत नाही.

---

दर्यावर्दी

फिनिक्स पक्षी यात कुठे बसतो? तो ख्रिस्ती लोकांनी घेतला होता ना?

---

शिवारवाट

घेतला, आणि तोही करिंथलाच लिहिताना. पहिल्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ९६च्या सुमारास, रोमच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, करिंथला पत्र पाठवलं. ते क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं. पौलानंतर साधारण चाळीस वर्षांनी, तीच मंडळी. त्यात रात्र आणि दिवस आहेत, पेरणारा आहे, आणि मग अरबस्तानातला तो पक्षी, ५०० वर्षं जगणारा. तो मरतो, मांस कुजतं, त्यातून एक किडा निपजतो, त्याला पंख फुटतात, आणि तो आपल्या बापाची हाडं उचलून इजिप्तच्या हेलिओपोलिसला नेतो. लेखक हे दृष्टांत म्हणून सांगत नाही, त्याला ते खरंच घडतं असं वाटतं. त्याच्यासाठी निसर्ग हाच पुरावा.

किड्याला तिथे जो ग्रीक शब्द आहे, 'स्कोलेक्स', तोच सुमारे ऐंशी वर्षांनी केल्सस नावाचा विद्वान टीकाकार ख्रिस्ती लोकांवर उलटवतो. कुजलेल्या देहात परत जाण्याची आशा माणसाची नव्हे, ती किड्यांची आशा, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने उत्तर देताना उतरवून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. ते वाक्य त्या लोकांना किती लागलं असेल याचा विचार करा.

---

उत्खनक

इथे इतका वेळ ग्रंथांचीच चर्चा आहे, म्हणून जमिनीखालचं थोडं.

इ.स. १७७, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या राज्यात, आजच्या फ्रान्समधलं लियों. ख्रिस्ती लोकांना पकडून छळलं, मारलं. त्यात ब्लांदिना नावाची दासी होती, नव्वदी ओलांडलेला पोथिनस नावाचा बिशप होता. वाचलेल्यांनी आशिया मायनरमधल्या मंडळ्यांना पत्र लिहिलं, ते इतिहासकार युसेबियसने जपलं. त्यात आहे की मेलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख शेजारच्या ऱ्होन नदीत लोटली. या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये, आता बघू हे उठतात का, असं मारणारे म्हणत होते.

म्हणजे हा विश्वास देहाबद्दलचा आहे, हे शत्रूलाही नीट कळलेलं होतं. लाक्षणिक गोष्टीची राख कुणी नदीत टाकत नाही. वर ज्या इरेनियसचा उल्लेख आलाय तो पोथिनसनंतर याच लियोंचा बिशप झाला. त्याचं पाचवं पुस्तक मी त्या राखेला सोडून वाचूच शकत नाही. गव्हाचा दाणा मातीत विरतो, उठतो, भाकर होतो, ती भाकर ख्रिस्ताचा देह होते, त्या देहाने आपलं मांस पोसलं जातं, मग हेच मांस मातीत विरून पुन्हा का उठू नये? असा फेर तो पूर्ण करतो. पौलाचा दाणा इथे पानावर वाढला जातो आणि पोटात जातो.

रोमच्या भूमिगत कबरस्तानांतही तेच. भिंतींवर माशाने गिळलेला संदेष्टा योना पुन्हा पुन्हा भेटतो: माशाच्या तोंडात, मग बाहेर, मग वेलीखाली आडवा. ही आडवी आकृती ग्रीक गोष्टीतल्या निजलेल्या एन्दिमियोनच्या चित्रांवरून घेतलेली दिसते. कबरींवर 'देपोसितुस' हा लॅटिन शब्द येत राहतो. ठेवलेला. आपण बँकेत ठेवतो ते 'डिपॉझिट' याच शब्दातलं, म्हणजे ठेव. ठेव म्हटली की ती परत मागायची असते.

---

पैलतीर

आज सगळं वाचलं. उत्खनक यांचा 'ठेव' वाचून थोडा वेळ थांबले.

माझा प्रश्न ओरिजेनचा. त्याच्यावर पुढे ठपका आला तो याच मुद्द्यावरून ना? त्याने देह नाकारला असं म्हणतात. मग तो रूपकवाला झालाच की.

---

शिवारवाट

पैलतीर, ओरिजेनबद्दल लिहायचं मी टाळत होतो, कारण त्याच्यावर माझा जीव आहे आणि त्याच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं.

अलेक्झांड्रियाचा हा माणूस. कोवळ्या वयात बापाला धर्मासाठी मारलं गेलं, म्हातारपणी इ.स. २५०च्या छळात स्वतः यातना भोगल्या, आणि त्यानंतर फार जगला नाही. देहाचं दुःख त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्याचा प्रश्न साधा आहे. आपला देह एका जागी थांबलेला कधी असतो? अन्न येतं, बाहेर जातं. देह नदीसारखा आहे. पाणी दोन दिवस तेच राहत नाही, तरी नदी तीच. माणसाची ओळख टिकते ती एका 'रूपा'मुळे, ग्रीकमध्ये 'एइदोस', जे लहानपणापासून म्हातारपणापर्यंत व्रण, तीळ सांभाळत राहतं. पुनरुत्थानात हेच रूप नव्या द्रव्यावर उमटेल. आपण समुद्रात राहणार असतो तर माशांसारखे कल्ले आणि खवले लागले असते. तसंच वरच्या लोकात राहायचं तर त्या जागेला शोभेल असा देह लागेल.

आता सांगा, याने देह नाकारला? त्याने पौलाचा दाणा मनापासून घेतला, इतकंच. दाण्यात जे आहे ते वाढतं आणि ओळखू न येण्याइतकं बदलतं, हे त्याने मान्य केलं.

इ.स. ३००च्या सुमारास मेथोडियस या ख्रिस्ती लेखकाने त्याच्यावर कडाडून टीका केली. त्याचं रूपक मूर्तीचं. कारागिराने घडवलेली सुंदर मूर्ती कुणी मत्सराने विद्रूप केली, तर तो ती वितळवतो आणि त्याच धातूतून पुन्हा ओततो. मृत्यू म्हणजे ते वितळणं. इथे काहीच हरवत नाही, पण काही उगवतही नाही.

वादाचं मूळ मला इथे सापडतं. दोघेही म्हणतात देह उठेल. एकाच्या डोळ्यापुढे शेत आहे, दुसऱ्याच्या डोळ्यापुढे ओतशाळा. शेतात हवं ते वाढ. ओतशाळेत हवा तोच धातू, तोळाभरही कमी नको. पुढे नखं-केस कापले त्यांचं काय, वाघाने किंवा माणसानेच माणूस खाल्ला तर ते मांस कुणाचं, असे जे प्रश्न पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनला त्याच्या 'देवनगरी' या ग्रंथाच्या २२व्या पुस्तकात सोडवावे लागले, ते सगळे ओतशाळेचे प्रश्न आहेत. ते मूर्खपणाचे नव्हते. ज्यांची माणसं श्वापदांपुढे टाकली गेली होती, ज्यांची राख नदीत गेली होती, त्यांच्या वारसांना प्रत्येक कणाचा हिशेब हवासा वाटला तर त्यात नवल काय? तरी माझं मन दाण्याकडे जातं.

---

वैनगंगा

बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेलं, वाळलेली हाडं पुन्हा जिवंत होतात ते खोरं राहिलं. ते तर उघड रूपक आहे. संदेष्टा स्वतःच सांगतो की ही हाडं म्हणजे इस्राएलचं घराणं, आणि ते बाबेलच्या बंदिवासातून परत येणार. यावर तुमचा टर्टुलियन काय म्हणतो?

---

शिवारवाट

तो तुमचं अर्धं मान्य करतो! हो, ती इस्राएलची प्रतिमा आहे. पण हाडं उठूच शकत नसती, तर इस्राएलच्या उठण्याला हाडांची प्रतिमा कशी लागू पडली असती? खरं नसलेल्या गोष्टीवरून दृष्टांत बसत नाही, हे त्याचं म्हणणं. मला हे पूर्ण पटत नाही. आपण फिनिक्सचा दृष्टांत देतोच, आणि तो पक्षी नाही. इथे टर्टुलियन वकिली करतो आहे.

तालमूदमध्ये यावर दोन रब्बींची मतं शेजारी-शेजारी ठेवली आहेत. एक म्हणतो, यहेज्केलने उठवलेले मेलेले खरोखर पायांवर उभे राहिले, गाणं गायले आणि मेले. दुसरा म्हणतो, खरं तर तो दृष्टांत होता. कुणी कुणाला गप्प केलेलं नाही. सिरियातल्या दुरा-युरोपस इथल्या तिसऱ्या शतकातल्या सभास्थानाच्या भिंतीवर हेच खोरं रंगवलेलं आहे. चितारणाऱ्याने विखुरलेले अवयव काढले आणि उठलेली माणसंही काढली. दृष्टांत की घटना, हे चित्रावरून सांगता येत नाही.

---

कुपारी

धागा सुरुवातीपासून वाचतेय. मी वसईची, जन्माने कॅथलिक. थोडं घरातलं सांगते.

माझी आजी वाडीत राबलेली. उजव्या हाताचं एक बोट कोयत्याने अर्धं गेलेलं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आजी, स्वर्गात तुझं बोट परत येईल का?" ती म्हणाली, "येईल. पण मला कळेल कुठलं गेलं होतं ते." तेव्हा मला हे उत्तर अर्धवट वाटलं होतं. दर वर्षी २ नोव्हेंबरला तिच्या कबरीवर मेणबत्ती लावताना ते आठवतं.

खूप पुढे ऑगस्टीनमध्ये हे सापडलं. शहिदांचे तुटलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण व्रणांच्या खुणा राहतील, असं तो म्हणतो, आणि ती विद्रूपता नसेल, शोभा असेल. संशय घेणाऱ्या थॉमस या शिष्याला येशू हातांवरचे वण दाखवतो, ते तर उठल्यानंतरचे. बंद दारांतून आत येणारा, अम्माऊसच्या वाटेवर ओळखू न येणारा, आणि तरीही वण असलेला, भाजलेला मासा खाणारा. शुभवर्तमानांनी हे सगळं एकत्र ठेवलं, कुणीही नीटनेटकं केलं नाही. शिवारवाट, तुमच्या दाण्यात वण कुठे बसतो? मला ओरिजेनपेक्षा ऑगस्टीन जवळचा वाटतो तो यासाठी.

आणखी एक. इटलीतल्या अक्विलेया गावच्या रुफिनसने लिहिलंय की त्यांच्या गावी विश्वासाचा अंगीकार म्हणताना 'देहाचं पुनरुत्थान' ऐवजी '*या* देहाचं पुनरुत्थान' म्हणत, आणि म्हणताना कपाळावर क्रुसाची खूण करत. तुमच्या मित्राने गाडीत तेच केलं असं मला वाटतं.

---

रानजाई

कुपारी ताई, डोळ्यांत पाणी आलं. बाकी काही लिहीत नाही.

---

शिवारवाट

कुपारी ताई, वण दाण्यात बसत नाही, हे खरं आहे. दोन दिवस विचार केला, पण त्याला मला वाट सापडली नाही. म्हणून मॅक्रिनाची गोष्ट सांगतो.

इ.स. ३७९. काळ्या समुद्राच्या दक्षिणेला पोंटस प्रांतात इरिस नदीकाठी मॅक्रिना ही ख्रिस्ती संन्यासिनी मरायला टेकली होती. भाऊ ग्रेगरी, निस्साचा बिशप, भेटायला आला. दुसरा भाऊ बासिल काही महिन्यांपूर्वीच गेलेला, ग्रेगरी रडतच आला. दोघांचं जे बोलणं झालं त्यावर त्याने संवाद लिहिला. त्यात शंका सगळ्या ग्रेगरीच्या, उत्तरं बहिणीची. तो विचारतो, देह तर ज्योतीसारखा क्षणाक्षणाला बदलतो, मग उठणार कोणता, की माणसाऐवजी गर्दीच उठणार? ती सांगते, चितारी रंग एकमेकांत मिसळतो, तरी कोणता रंग कुठे गेला ते त्याला माहीत असतं. तसा आत्मा आपल्या देहाचे कण ओळखतो. घरधन्याला फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्या पाहून ही कुठल्या मडक्याची ते कळतं, तसं. शेवटी ती पौलाचा दाणाही उलटा फिरवते: पहिला माणूस कणीस होता, आपण त्यातून गळालेले उघडे दाणे, आणि उठू तेव्हा पुन्हा कणीस होऊ.

हा झाला संवाद. पण ग्रेगरीने तिचं चरित्रही लिहिलं. त्यात ती गेल्यावर रात्री तिचा देह तयार करताना वेतियाना नावाची स्त्री त्याला जवळ बोलावते. मॅक्रिनाच्या छातीवर एकदा गाठ उठली होती. वैद्याला अंग दाखवायला ती तयार नव्हती. रात्रभर देवळात प्रार्थना केली, अश्रूंनी भिजलेली माती गाठीवर लावली, मग आईला त्या जागी हाताने क्रुसाची खूण करायला सांगितलं. गाठ गेली. वेतियाना दिवा जवळ आणते आणि कातडीखाली सुईने टोचल्यासारखी एक बारीक खूण दाखवते. ज्या बहिणीने रंगांचं, खापऱ्यांचं, कणसाचं सांगितलं होतं, तिच्या देहावरची ही खूण ग्रेगरी त्या दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा पाहतो.